कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील या डोंगरी वनक्षेत्राला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. नवापूर आणि कन्याकुमारी येथून निघून गोव्यात एकत्र आलेली ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा त्यानंतरची, १९८७-८८ ची असल्याने, हा दर्जा तिचे फलित मानणे कालक्रमाला धरून नाही. अभयारण्यात शिकार व वृक्षतोड यांना बंदी असली, तरी राष्ट्रीय उद्यानाप्रमाणे तेथील रहिवाशांचे सर्व हक्क संपुष्टात येत नाहीत, आणि महादेव कोळी व ठाकर समाजांची गावे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत तेथे हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघणारी मुळा यांना मात्र नद्या म्हणून स्वतंत्र संरक्षण नाही, ते उगमाकडील वनांच्या आडोशानेच लाभते. शिवाय प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणाने १९२६ मध्येच अडवली गेली होती. अभयारण्यापलीकडे, संपूर्ण पश्चिम घाटाच्या संरक्षणाविषयी माधव गाडगीळ समिती (२०११) व कस्तुरीरंगन कार्यगट (२०१३) यांनी दिलेल्या अहवालांनंतर तेथील ‘पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रा’ची, म्हणजे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली विशिष्ट उद्योग व बांधकामे रोखता येतील अशा टापूची, प्रारूप अधिसूचना २०१४ पासून वारंवार निघाली, त्यांपैकी सहावी जुलै २०२४ मध्ये. तिचा रोख खाणी, दगडखाणी व अतिप्रदूषक कारखान्यांवर आहे, शेतीवर नाही, जरी विरोधकांच्या प्रचारात नेमके उलटे सांगितले गेले.