हायड्रॉलॉजीच्या वर्गातला अर्धा इतिहास

स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी फळ्यावर जलचक्र काढले. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र. मी ते वहीत उतरवून घेतले आणि मला आजी आठवली. तरुणपणी गावच्या विहिरीपासून दहा हात दूर हंडा ठेवून कुणी पाणी वाढील म्हणून ती बसून राहायची, असे ती सांगे. तिच्या हंड्यात पाणी कुठल्या बाणाने यायचे? विचारायचे धाडस झाले नाही. घरातला पहिला पदवीधर व्हायला निघालेला मुलगा वर्गात प्रश्न विचारत नाही. तो उतरवून घेतो.

आज तोच विषय मी शिकवतो. त्याचा इतिहास पुस्तकात दोन पानांत आटोपतो. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात असलेल्या दार्सीने वाळूतून पाणी झिरपवून १८५६ साली नियम मांडला. १९३२ मध्ये शेर्मनने एकक जलालेख दिला. आपल्याकडे रुरकीचे कॉलेज १८४७ साली निघाले, कारण गंगा कालव्याला शिकलेली माणसे हवी होती. म्हणजे हे शास्त्र निव्वळ शास्त्र म्हणून जन्मलेलेच नाही. पाणी कुणाला पोचवायचे हे आधी ठरले, सूत्रे मागून आली. एवढे मान्य केले की मग महाड अभ्यासक्रमाबाहेर ठेवायला कारण उरत नाही.

रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असे कायदेमंडळाने म्हटले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण कागदावर. गुरे पाणी पीत होती, इतर धर्मीय पीत होते. अस्पृश्यांनी पाऊल टाकले ते २० मार्च १९२७ ला. त्यानंतर सवर्णांनी शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळे शुद्ध केले! पाण्याच्या गुणवत्तेचे प्रकरण शिकवताना मला ही घटना हटकून आठवते. प्रदूषणाची ही व्याख्या कुठल्याच प्रयोगशाळेच्या तक्त्यात नाही, पण गावोगाव तीच चालत होती. तळे खाजगी आहे, बंदीची रूढी प्राचीन आहे, असे म्हणत सवर्ण कोर्टात गेले. रूढी प्राचीन असल्याचे सिद्ध झाले नाही आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

आणि पाचच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, हाच माणूस व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाला. पाटबंधारे आणि वीज यांचा केंद्रातला कारभार त्याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये दामोदरला महापूर आला. नुसते बांध उंच करून भागणार नाही. धरणांत पाणी साठवावे, त्यावर वीज, सिंचन आणि जलवाहतूक साधावी, आणि संपूर्ण खोऱ्यासाठी एकच यंत्रणा असावी, ही भूमिका त्यांच्या खात्याने जानेवारी १९४५ च्या कलकत्ता परिषदेपासून लावून धरली. नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना, जादा पाणी हे संकट मानण्याची जुनी सरकारी समजूतच त्यांनी खोडून काढली. त्याच १९४५ साली जो मध्यवर्ती आयोग निघाला, तोच आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. आमची मुले प्रकल्पासाठी त्याच आयोगाचे आकडे उतरवून घेतात. नाव मात्र त्यांना ठाऊक नसते. मलाही पदवी हातात पडेपर्यंत ठाऊक नव्हते; आयोगानेच १९९३ साली या कार्यावर पुस्तक काढले होते, ते फार उशिरा हाती लागले.

दामोदरच्या धरणांखाली पुढे आदिवासींची गावे गेली, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. बाबासाहेबांच्या नावाने ते झाकण्याचा मोह आपल्यातल्या काहींना होतो. मला तो मान्य नाही. खोऱ्याचा विचार करणाऱ्याच्या पश्चात खोऱ्यातली माणसेच हिशेबातून कशी गळाली, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

हे सगळे शिकवतो म्हणून एका सहकाऱ्याने मला 'विषयाला धरून राहा' असे सुचवले. मी धरूनच आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलांना विहिरींच्या पाहणीला नेले. छापील तक्त्यात रकाने होते: व्यास, खोली, पाण्याची पातळी, उपसा. वस्तीच्या विहिरीवर टेप सोडून एक मुलगी बराच वेळ उभी राहिली. मग तिने तक्त्याच्या उजव्या कडेला पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिले, 'पाणी कोण भरते'. परतल्यावर आम्ही नव्याने तक्ते छापून घेतले.