६८ बाइटांची गोष्ट

परवा रात्री दोन वाजता मी एक मेल ठोकला आणि सकाळी नऊला त्याच मेलबद्दल माफी मागितली. झालं असं की आमच्या सर्व्हरकडे येणारे मेसेज तुटके दिसत होते. मेसेजच्या सुरुवातीला लांबी लिहिलेली २१२ बाइट, आणि कॅप्चर फाइलमध्ये हाताला लागत होते फक्त ३०. मी सरळ लिहून टाकलं, "तुमचा कोड मेसेज अर्धवट पाठवतोय." पलीकडच्या टीममधला बिचारा मुलगा रात्रभर स्वतःचा कोड तपासत बसला.

दोष त्याचा नव्हताच. कॅप्चर घेतानाच प्रत्येक पॅकेट ९६ बाइटांवर कापलं होतं!

असं कापण्याची पद्धत आली कुठून? त्यासाठी १९८६ सालच्या ऑक्टोबरात जावं लागेल. लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. पण तिथला नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन या कोड्याच्या मागे लागला. टीसीपीचा असा अभ्यास करतानाच त्याने आणि लॅबमधल्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास टीसीपीडंप लिहिलं.

त्यांना हवे होते फक्त हेडर. इथरनेटचे १४, आयपीचे २०, टीसीपीचे २०, झाले ५४. म्हणून पॅकेटमागे ६८ बाइट ठेवले की काम भागायचं. त्या काळच्या मशीनवर प्रत्येक जादा बाइट कॉपी करणं महागात पडायचं. हा ६८ चा आकडा मग वर्षानुवर्षं डीफॉल्ट राहिला. आयपीव्ही६ साठी तो ९६ झाला, आणि आज २,६२,१४४ आहे. तरीही डिस्क वाचवायला किंवा ग्राहकांचा डेटा फाइलमध्ये येऊ नये म्हणून लोक मुद्दाम कापतातच.

गंमत म्हणजे ही मंडळी प्रामाणिक होती. फाइलमध्ये प्रत्येक पॅकेटसोबत दोन लांब्या लिहिलेल्या असतात: किती पकडलं आणि मुळात किती होतं. माझ्या फाइलमध्ये ९६ आणि २७८. हेडरचे ६६ (टाइमस्टँपचे १२ धरून) वजा केले की उरतात बरोबर २१२. उत्तर समोरच होतं, मी बघितलंच नाही.

कधी पॅकेट कापलेलं नसतं, अख्खंच गायब असतं. १९९७ मध्ये व्हर्न पॅक्सनने यावर साधी युक्ती वापरली. समोरच्याने डेटा मिळाल्याची पोच दिली आहे, पण तो डेटा आपल्या फाइलमध्ये नाही? मग चुकलं ते नेटवर्क नव्हे, आपलं कॅप्चर. आजचं वायरशार्कही अशा जागी तशी सूचना देतं.

आणि अर्धवट पॅकेट वाचताना तज्ज्ञांचाही पाय घसरतो बरं का. २०१७ मध्ये टीसीपीडंपच्या एकाच आवृत्तीत ऐंशीहून जास्त सुरक्षा-त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या. बहुतेकींचं मूळ एकच: हातात आहे त्यापेक्षा पुढचं वाचणं.

मीही तेच केलं की! फक्त कोडमध्ये नाही, मेलमध्ये.

आता माझा पार्सर तीन उत्तरं देतो: बरोबर, चूक आणि 'पुरेसं दिसलं नाही'. असो. त्या मुलाला चहा पाजायचा बाकी आहे.