जोहार कुणाला?

१८७५ साल आहे आणि तुम्ही औरंगाबादच्या छावणीत उभे आहात. खाम नदीपलीकडे शहराचा तट दिसतो, दूर मकबऱ्याचा घुमट. मैदानावर हैदराबाद कंटिंजंटची कवायत चाललीय. पैसा निजामाच्या मुलखाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही पलटण. इथल्या माणसाला किती धन्यांपुढे वाकावं लागतं ते मोजायला सुरुवात केलीत तर बोटं पुरत नाहीत. निजाम सरकार, रेसिडेंट साहेब, तालुकदार, देशमुख, पाटील, सावकार. आणि या सगळ्यांना पुरून उरणारी जात. तिला शिपाई ठेवावे लागत नाहीत.

तुम्हाला जालन्याला जायचंय. रेल्वे यायला अजून पंचवीस वर्षं आहेत, तेव्हा बैलगाडीला पर्याय नाही. गाडीवान विचारतो, जालन्यात कुणाकडे? तुम्ही सांगता, बेथेलला, नारायण शेषाद्रींच्या वस्तीवर. तो मान हलवतो. ख्रिस्ती झालेली माणसं त्याने याच छावणीत पाहिली आहेत. जन्माने पारशी असलेले पाद्री रतनजी नवरोजी इथेच चर्च मिशनरी सोसायटीचं काम करतात. पण जालन्याचा पाद्री जन्माने ब्राह्मण आणि राहतो कुणात, हे त्याला अजून पचलेलं नाही.

वाटेत एका गावाच्या वेशीशी गाडी थांबते. पाटील घोडीवरून येतोय. रस्त्याच्या कडेचा म्हातारा पायातल्या वहाणा काढून हातात घेतो, कमरेत वाकतो, म्हणतो, "जोहार मायबाप." घोडी पुढे निघून जाते. पाटलाने वळूनही पाहिलेलं नाही. म्हाताऱ्याची पाठ सरळ व्हायला वेळ लागतो, कारण वयाबरोबर तिला सवयही जडली आहे. हे नीट पाहून ठेवा. येशूला प्रभू म्हणणं या मुलखात काय होतं ते देवळातल्या गाण्यांवरून कळणार नाही. या वेशीवरून कळेल.

आता बत्तीस वर्षं मागे चला, मुंबईला.

१३ सप्टेंबर १८४३. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण आज रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतोय. तुम्ही मागच्या बाकावर आहात. आत विधी शांतपणे चाललाय, पण शहर शांत नाही. चार वर्षांपूर्वी धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा खटला उभा राहिला होता आणि शाळेतली मुलं भराभर काढून घेतली गेली होती. डोक्यावर पाणी पडल्यावर घर तुटतं हे नारायणला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो पुढे होतो.

त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहायला आलाय. तो अजून अल्पवयीन आहे. वडील सुप्रीम कोर्टात जातात. तुम्हीही गर्दीतून वाट काढत कोर्टात शिरता. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी. मुलाचं म्हणणं काहीही असो, त्याच्या वयाच्या मुलावर हक्क बापाचा, असा निकाल होतो आणि श्रीपतला वडिलांच्या हवाली केलं जातं. मग दुसरं वादळ उठतं. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला हा मुलगा शुद्ध होऊ शकतो का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणतात, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या. सनातनी त्यांच्यावर तुटून पडतात. एका पोरावर बाप, कोर्ट, जात आणि मिशन अशा चौघांनी हक्क सांगितलाय.

इथे त्या वडिलांच्या शेजारी थोडा वेळ उभे राहा. एक मुलगा गेला, दुसऱ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ख्रिस्ती लेखकांनी ही कथा बहुतेक वेळा विजयकथा म्हणून सांगितली, आणि मला ते बरोबर वाटत नाही. बाप-भावांच्या आधी मी, ही येशूची अट आहे. ती मी मानतो. पण तिची किंमत अट मानणाऱ्या एकट्याने मोजली असं कधीच होत नाही. घरात मागे राहिलेलेही ती मोजतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट नारायणच्या डोळ्यांदेखत घडते. १८ मे १८४३ रोजी एडिंबरात स्कॉटलंडच्या मंडळीची महासभा फुटली. मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक नेमायचा जमीनदारांचा हक्क कोर्टांनी उचलून धरला होता. साडेचारशेहून अधिक पाळक म्हणाले, मंडळीचं मस्तक एकच, ख्रिस्त. त्याच्या घरात सरकारचा हुकूम चालणार नाही. आणि ते राहती घरं व पगार सोडून बाहेर पडले. ही बातमी बोटीने मुंबईला आली तेव्हा इथले मिशनरी नेस्बिट, मरे मिचेल यांनीही त्यांची बाजू घेतली आणि शाळेच्या इमारतीवर पाणी सोडलं. म्हणजे ज्या शिक्षकांनी नारायणला प्रभूची आज्ञा शिकवली, ते स्वतःच त्या प्रभूपायी बेघर होत होते. पुस्तकातला धडा गुरूच्या अंगावर आलेला त्याने पाहिला. पुढे त्याने जे केलं त्याचं मूळ मला या वर्षात दिसतं.

गाडीत परत या. जालना जवळ आलंय.

बेथेल ही वस्ती निजामाच्या राज्यात आहे, आणि तिची जमीन निजामाचे दिवाण पहिले सर सालारजंग यांनी दिली आहे. मुसलमान राज्याच्या दिवाणाने दिलेल्या जागेवर, ब्राह्मण घरात जन्मलेल्या पाळकाने, महार आणि मांग घरांतून आलेल्या माणसांसाठी वसवलेलं हे गाव. नारायणराव पागोटं घालून समोर येतात. दोन वर्षांपूर्वी ते न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत याच देशी वेशात उभे राहिले होते. पोशाख त्यांनी बदलला नाही. बदललं ते बसायचं ठिकाण.

आज रविवार. उपासनेत तुम्ही मांडी घालून मागे बसता. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा भाग वाचला जातोय, ज्यात पौल सांगतो की ख्रिस्ताने देवाची बरोबरी धरून ठेवली नाही, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली उतरला, आणि म्हणूनच प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल. आजूबाजूच्या माणसांकडे पाहा. दास म्हणजे काय हे यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. रोमच्या साम्राज्यात कैसराला प्रभू म्हणायला नकार देणाऱ्याला मरणही पत्करावं लागे. इथे पाटलाला जोहार नाकारणाऱ्याचं बलुतं बुडतं, पाणवठा बंद होतो, पोराला मार बसतो. तरीही ही माणसं एका धन्यासाठी बाकीचे धनी सोडायला तयार झाली आहेत, कारण हा धनी आधी त्यांच्या ओळीत येऊन वाकलेला आहे. आणि नारायणरावांना उलट दिशेने जावं लागलं आहे. प्रभू जिथवर उतरला त्याच्या वरच्या पायरीवर थांबून त्याला प्रभू म्हणता येत नाही, हे त्यांनी बेथेलला राहून दाखवलंय. प्रभुभोजनाची भाकर त्यांच्या हातून पुढे सरकते आणि दोन्ही वाड्यांतले हात ती घेतात.

एक धोका मात्र याच देवळात दडलेला आहे. पगार मिशनचा, जागा मिशनने मिळवलेली, शाळा मिशनची. प्रभूपुढे वाकता वाकता माणूस साहेबापुढे कधी वाकू लागतो ते त्यालाही कळत नाही. हे ज्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. क्षणभर १९१७ च्या साताऱ्यात डोकवा. अमेरिकन मिशनची नोकरी त्यांनी सोडली आहे, पगार बंद आहे, आणि 'देवाचा दरबार' उभा राहतोय, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकतात. दरबार म्हटला की राजा आला. तो राजा ख्रिस्तच, मधे दुसरा मालक नको, हा टिळकांचा आग्रह. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फारसा वाढला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या मंडळ्यांनी, आपल्या कमिट्यांनी अजून अंगाला लावून घेतलेला नाही. मालमत्तेचे वाद कोर्टात लढताना मस्तक कोण, हे आठवतं का कुणाला?

परत १८७५ च्या बेथेलला या. आज सोमवार. काल एका भाकरीला लागलेले हात आज विहिरीवर आहेत. गावचा माणूस कालच वेशीची कामं सांगायला आला होता. वस्तीतल्या एकाने त्याला ताठ मानेने सांगितलं, "आता आमचा धनी एकच हाय, येनार न्हाई." माणूस शिव्या देत गेला. बायाबापड्या अभिमानाने बघत होत्या. आता तोच गडी विहिरीच्या काठावर उभा आहे आणि शेजारच्या मांग घरातली बाई पोहऱ्याला हात लावणार म्हटल्यावर दोर आवळून धरतोय. तो स्वतः महारवाड्यातून आलेला. त्याचे आजे-पणजे जसे धरत होते, तसाच त्याने धरलाय.

त्याची बायको डोक्यावरची चुंबळ काढते.

"काल काय बोलला तुमी? धनी एक. मग त्यो धनी निस्ता येशीपुरताच व्हय? हिच्या घागरीला शिवायचं म्हनलं की बदलतो?"

"त्ये येगळं."

"काय येगळं? कालची भाकर हिच्याच हातातून तुमच्या हातात आली. मी बघितली. तवा न्हाई विटाळला?"

गडी गप्प होतो. दोर सोडत मात्र नाही. दोन म्हातारे त्याच्या बाजूने बोलू लागतात, एकदम सगळं मोडायला सांगू नका म्हणतात. बाई ऐकून घेत नाही. नवऱ्याच्या हातातला दोर ओढून घेते, पोहरा विहिरीत सोडते आणि शेजारणीला हाक मारते, "या वो बाई, आदी तुमची भरा."

म्हातारे उठून नारायणरावांना बोलवायला निघाले आहेत.