सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, पुणे

पुण्यात शिवाजीनगर येथे मुळा-मुठेच्या संगमाजवळ असलेले महाराष्ट्र शासनाचे अभियांत्रिकी विद्यापीठ. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून 1854 मध्ये पुण्यात एक साधा वर्ग सुरू झाला. संस्थेची ही मुळे. पुढे त्याचे कॉलेज झाले. काही काळ ते ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखले जाई. 1911 मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ हे नाव रूढ झाले.

संस्थेचा लौकिक जाहिरातीपेक्षा विद्यार्थ्यांच्या कामातून वाढला. 1883 मध्ये येथून स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचे ठळक उदाहरण. जवळच्याच खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि पाणी साठवण्याची क्षमता वाढवली. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. कार्बन डायऑक्साइड लेझरचे जनक कुमार पटेल हेही इथलेच विद्यार्थी. नदीवरचा बोट क्लब आणि रेगाटा यांनी पुणेकरांच्या मनातही संस्थेला घर मिळवून दिले.

2003 मध्ये संस्थेला स्वायत्तता मिळाली आणि अभ्यासक्रम स्वतः ठरवता येऊ लागले. 2022 च्या राज्य कायद्याने ती विद्यापीठ झाली. त्या वेळी ‘सीओईपी’ ही अक्षरे मुद्दाम टिकवली गेली, हे विशेष: मूळच्या आद्याक्षरांचेच आता नाव झाले आहे.