कोयनाखोऱ्यांतील वस्तीची मर्यादा

वस्ती कोठवर वाढूं द्यावी, आणि ती मर्यादा कोणीं आंखावी, हा प्रश्न वाढत्या शहरांचाच आहे असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्याच्या डोंगरी गांवांपुढें तो आज ‘नवीन महाबळेश्वर’ या नांवानें येऊन उभा राहिला आहे. त्याचा निवाडा करण्यापूर्वीं या खोऱ्यानें आजवर कोणत्या मर्यादा सोसल्या, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावते, दक्षिणेस वाहत हेळवाकपाशीं पूर्वेकडे वळते, आणि पाटणावरून कऱ्हाडास जाऊन कृष्णेला मिळते. तिच्या उगमापाशीं इंग्रजांनीं वसाहत केली. छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं १८२९ मध्यें खंडाळ्याच्या बदल्यांत महाबळेश्वर इंग्रजांस दिलें, व गव्हर्नर मालकम याच्या नांवानें तेथें मालकमपेठ वसली. थंड हवेसाठीं येणाऱ्यांची ही वस्ती पुढें इतकी दाटली कीं, १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारास महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. आधीं वाढ आणि मागाहून मर्यादा, असा तेथील क्रम होता.

खालच्या खोऱ्यांत मर्यादा आली ती पाण्याच्या रूपानें. स्वातंत्र्यानंतर कोयनेवर धरण झालें. शिवसागराखालीं शेतें, घरें व देवळें गेलीं. त्या विजेनें महाराष्ट्राचे कारखाने चालले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचें गाऱ्हाणें मात्र दोन पिढ्यांनंतरहि संपलें नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटें भूमि हादरली, कोयनानगर उद्ध्वस्त झालें व सुमारें १८० माणसें प्राणांस मुकलीं. जलाशयाच्या भारानें भूकंप उद्भवतो काय, या प्रश्नाच्या चर्चेंत कोयनेचें नांव तेव्हांपासून जगभर घेतलें जातें. त्यानंतर वनाची मर्यादा आली: १९८५ मध्यें कोयना अभयारण्य, २०१० मध्यें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत समावेश. अखेर जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळून निजलेलीं घरें गाडलीं गेलीं. कोणत्या उतारावर घर असूं नये, हें तेथें निसर्गानेंच सांगितलें.

या पार्श्वभूमीवर राज्य सरकारनें रस्ते विकास महामंडळास विशेष नियोजन प्राधिकरण नेमून सातारा, जावळी, पाटण व महाबळेश्वर या तालुक्यांतील २३५ गांवांचें नियोजन त्याकडे सोंपविलें. योजनेचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, या गांवांनीं धरणासाठीं जमीन दिली, वाघासाठीं रान सोडलें. आतां रस्ते व पर्यटन येऊन तरुणांस मुंबईची वाट धरावी लागूं नये. हें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. विरोधक म्हणतात कीं, हीच माती, हेच उतार आणि हेच झरे बंगल्यांच्या ओझ्याखालीं टिकणार नाहींत, व जमिनी परक्या हातीं जातील. हेंहि तितकेंच खरें आहे.

आमच्या मतें दोहोंचा मेळ घालण्याचें सूत्र जुनेंच आहे. मुंबई प्रांतांत नगररचनेचा कायदा १९१५ मध्यें झाला. पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस यांचा आग्रह असे कीं, स्थळाची पाहणी आधीं आणि आराखडा नंतर; रोग्याची नाडी न पाहतां औषध देऊं नये. पाटणाच्या बाबतींत ही नाडी म्हणजे दरडींचे उतार, झऱ्यांचीं उगमस्थानें, भूकंपप्रवण भाग आणि वनाची सीमा. हे नकाशे प्रथम मराठींत करून प्रत्येक ग्रामसभेपुढें ठेवावे. त्यानंतर गांवांतील कुटुंबांच्या वाढीसाठीं गांवठाणाची जागा राखावी, व दरडीखालील वस्त्यांस सुरक्षित स्थळ द्यावें. एवढें करून जी जमीन उरेल, तींतच पाहुण्यांच्या निवासाचा विचार व्हावा.

मर्यादेस आमचा विरोध नाहीं. एकपक्षी मर्यादेस आहे. शेतकऱ्यास गोठा वाढविण्यास मनाई आणि धनिकास डोंगर कापण्यास मुभा, असा नियम लोक फार दिवस पाळणार नाहींत, व पाळूंहि नये. या खोऱ्यास आजवरच्या बहुतेक मर्यादा न विचारतां मिळाल्या. पुढची मर्यादा त्यानें स्वतः विचारपूर्वक आंखावी, आणि ती आंखण्याचा अधिकार सरकारनें त्यास द्यावा, हेंच न्याय्य होय.