रोलर कोस्टर : रूळमार्गाची जोडणी
पोलादी रोलर कोस्टरचा रूळमार्ग कारखान्यातच त्रिमितीय वळण देऊन तुकड्यातुकड्यांनी घडवला जात असल्याने जागेवर तो वाकवून बसवण्यास फारसा वाव नसतो. म्हणून क्रेनने तुकडे चढवण्याचे दृश्य कितीही नेत्रदीपक असले, तरी पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टांची स्थाननिश्चिती हेच कळीचे काम ठरते. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ हा बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचा, आसनांखाली तळफळी नसलेल्या गाडीचा कोस्टर अशा पोलादी कोस्टरचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. पोलादाचा १० मीटरचा तुकडा ३० अंश सेल्सिअस तापमानवाढीने सुमारे ३.६ मिमी. लांबतो, शिवाय आधीच्या सांध्यांतील बारीक चुका साचत जातात. त्यामुळे मार्गाचे वेटोळे पूर्ण करणारा अखेरचा तुकडा बसवताना दोन्ही टोकांच्या जोडचकत्यांची छिद्रे जुळवणे सर्वांत जिकिरीचे असते.