परसातील पाने

इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी आणि तहनामे डोळ्यांसमोर येतात. आम्हा कचेरीतील माणसांना तर जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय असते. परंतु फोडणीत पडणाऱ्या चार पानांनाही इतिहास आहे, आणि त्यातील पुष्कळसा कागदावर नाही.

कोथिंबीर घ्या. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात ‘कुस्तुंबुरु’ या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र रचले आहे. वनस्पतीची जात सांगावयाची असेल तरच त्यात ‘स’ येतो, असा त्याचा आशय. वैयाकरणाने दखल घ्यावी इतका तो शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी रुळला होता. तोच मराठीत कोथिंबीर, गुजरातीत कोथमीर आणि कानडीत कोत्तंबरी होऊन राहिला. वनस्पती मात्र केवळ आपली नव्हे. १९२२ साली सापडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यातही धने मिळाले.

कढीलिंब हे झाड आपल्याच भूमीचे. तमिळमधील करिवेप्पिलै, कानडीतील करिबेवु, हिंदीतील मीठा नीम, या सर्व नावांनी त्याला कडुनिंबाचा भाऊबंद ठरविले. वस्तुतः ते कागदी लिंबाचे सगोत्र. लिनियसचा शिष्य योहान कोनिग १७६८ साली तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. १७७१ साली लिनियसने या झाडाच्या शास्त्रीय नावात शिष्याचे नाव गोवले. ज्या गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ते परसात वाढविले, त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत.

त्यांचे ज्ञान मात्र पक्के होते. धने अखंड पेरू नयेत, रगडून दोन दले करावीत. कढीलिंबाचे बी वाळू देऊ नये, पिकलेले फळ सोलून लगेच लावावे. माझी आई हे सारे जाणत होती. मी मात्र तिला कधी विचारले नाही, आणि विचारावेसे वाटले तेव्हा ती राहिली नव्हती. पुढे दिल्लीला बदली झाली असता शेजारच्या एका तमिळ बाईंनी आपल्या झाडाच्या मुळाशी आलेला फुटवा मला दिला आणि तो कसा जगवावा तेही सांगितले. आमची भाषा एक नव्हती. पान एक होते.

पाणिनीचे सूत्र ग्रंथात सुरक्षित आहे. परसातले ज्ञान हातून हाती गेले तरच टिकते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्यावे, आणि खिडकीतल्या कुंडीत का होईना, मूठभर धने पेरावेत.